अनशीचा अर्ज

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. निवृत्त मास्तरानं दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे 'माझे विद्यार्थी कुठं कुठं पोचले' याची यादी द्यायची, असा एक प्रघात आहे. माझ्याकडंही अशी यादी आहे. एक फौजदार झाला, एक बँकेत आहे, एक आमदाराच्या मागं मागं फिरतो आणि त्यालाच काम म्हणतो. ती यादी सांगून झाली की ऐकणारे मान डोलावतात आणि बायको आतून चहा पाठवते. आज ती यादी बाजूला ठेवतो. जी पोरगी कुठंच पोचली नाही, तिच्याबद्दल लिहायचं आहे.

निझामाच्या मुलखातला आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी तुळजापूरचा. घरात भिक्षुकी होती, पण मला मंत्रांपेक्षा पाढे बरे वाटले. पहिली नेमणूक उमरगा तालुक्यात, सास्तूर-माकणीच्या बाजूला एका लहान गावात झाली. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. एकशिक्षकी शाळा, मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरायची. चार इयत्ता चार कोपऱ्यांत आणि मधे मी.

बाहेरच्यांना वाटतं, मास्तर शिकवतो. शिकवणं हे उरलेल्या वेळातलं काम. गावात लिहितावाचता सरकारी माणूस एकच, म्हणून देवी टोचणारा आला तरी मास्तर, गुरंढोरं मोजायची तरी मास्तर, लष्करातल्या पोराला पत्र लिहायचं तरी मास्तर. आणि माणसं जन्माला घालायची तीही मास्तरानंच. आईबाप पोराला घेऊन यायचे आणि सांगायचे, "लई पाऊस झालता त्या साली झालंय बगा." मी तोंडाकडं बघून अंदाजानं साल ठरवायचो आणि तारीख टाकायचो एक जून. माझ्या हातून अर्धं गाव एकाच दिवशी जन्माला आलं. त्याचं मला तेव्हा हसू यायचं. मास्तरानं रजिस्टरात लिहिलं की ते माणसाला जन्मभर चिकटतं, हे कळत होतं, पण त्याची भीती वाटत नव्हती.

अनुसया सात वर्षांची असताना शाळेत आली. गाव तिला अनशी म्हणायचं, त्याहून जास्त वेळा मुकी म्हणायचं. बाप दिगंबर, बारा एकरांचा धनी, शांत माणूस. आई पारूबाई आळंदकडची, बोलण्यात कानडी हेल, आणि गावात कुणाला न भिणारी. तिनंच पोरीला हाताला धरून आणलं.

"गुरुजी, हिला बसवून घ्या. समदे मुकी म्हनत्यात. मुकी न्हाय ती. माझ्यासंगं बोलती."

"काय बोलते?"

"मला आया म्हनती. पानी म्हनती. न्हाय म्हनती, ते तर लई म्हनती."

सात वर्षांच्या पोरीला पाच-सहा शब्द. तोवर घरच्यांनी सगळे उपाय केले होते. वेखंड उगाळून जिभेला लावलं, पोपटानं टोचलेला पेरू खायला घातला, तुळजापूरला नवस बोलून झाला. मी आल्यावर महिनाभरात एक वैदू गावात आला आणि जिभेखालची शीर कापतो म्हणाला. दिगंबर तयारही झाला होता. मी शाळा सोडून धावलो आणि त्या वैदूला वेशीबाहेर घालवला. ते एक काम मी चांगलं केलं. त्याचा पुढं बरीच वर्षं मला अभिमान होता.

पोरगी हुशार होती. हे मी मास्तराच्या सवयीनं म्हणत नाही, कारण मास्तर सगळ्याच पोरांना आईबापांसमोर हुशार म्हणतो. मी पुढ्यात चिंचोके टाकायचो आणि "सात दे" म्हणायचो, ती सात द्यायची. "तीन परत घे, उरले किती?" म्हटलं तर चार बोटं दाखवायची. दिवाळीपर्यंत पाटीवर स्वतःचं नाव काढायला लागली. मी 'बैल' म्हटलं की ती पाटीवर 'बैल' लिहायची आणि वर मात्रा दोन आहेत ना, हे माझ्याकडं बघून विचारायची. सगळं आत होतं. फक्त तोंडातून बाहेर यायला वाट सापडत नव्हती.

एकदा वर्ग चालू असताना कुणाचा तरी हाल्या, म्हणजे रेडा, ओसरीत शिरला. पोरं ओरडत पळाली. अनशी भिंतीला टेकून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आला! आला!" सगळी पोरं रेडा सोडून तिच्याकडं बघायला लागली. त्या दिवसानंतर ती शाळेतही एखाददुसरा शब्द बोलायला लागली. 'ग' आणि 'द' एकच यायचा, लांब शब्दाचं शेपूट गळायचं. पण महिन्याला दोन-चार शब्द वाढत होते. मला खात्री वाटायची, हिला फक्त वेळ पाहिजे. आणि वेळ मिळायचा तर नाव पटावर राहिलं पाहिजे.

अडचण परीक्षेची होती. पहिलीची परीक्षा तेव्हा सगळी तोंडी. पाढे म्हणायचे, मोठ्यानं वाचायचं, एक कविता म्हणायची. घ्यायला तपासणी अधिकारी येत, त्यांना सगळे दिपोटी म्हणायचे. दिपोटी येणार म्हटलं की मास्तर दाढी करायचा आणि गाव कोंबडं शोधायचं. पहिल्या वर्षी अनशी दिपोटीसाहेबांसमोर उभी राहिली आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. मी म्हणालो, "साहेब, पाटीवर विचारा, सगळं येतं." साहेब भले होते. त्यांनी पाटीवर विचारलं, तिनं सगळं लिहिलं. साहेब म्हणाले, "येतं खरं. पण नियमात पाटी नाही हो. तोंडी म्हणजे तोंडी. वरून मंजुरी आणा, पुढच्या वर्षी मी हिची परीक्षा पाटीवर घेतो."

अनशी नापास झाली. पोरगी दुसऱ्यांदा नापास झाली की बाप काढून नेतो, हा त्या भागातला अलिखित कायदा होता. दिगंबरनं सांगूनही टाकलं, "गुरुजी, आनिक एक साल बगतो. मग न्हाय."

म्हणजे माझ्या हातात एक वर्ष होतं आणि एक अर्ज.

मी आधी बापलेकीला घेऊन बैलगाडीनं तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोरीच्या पाठीमागं उभं राहून टाळी वाजवली, कुजबुजून नाव घेतलं, तोंड उघडून जीभ-टाळू बघितला. अर्धा तास दिला त्यांनी, बाहेर रांग असताना. मग मला म्हणाले, "गुरुजी, कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे. ही मुकी नाही. बोलायला उशीर झालाय, इतकंच. हिच्याशी भरपूर बोला, पोरांत ठेवा, शाळेतून काढू नका. बोलेल." तेवढंच त्यांनी इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून सही करून दिलं. परतताना मी दिगंबरला ती चिठ्ठी दोनदा समजावून सांगितली. तो गाडी हाकता हाकता रडला.

चिठ्ठी घेऊन मी कचेरीत वामनराव पेशकारांकडं गेलो. निझामाच्या काळापासून साहेबापुढं कागद ठेवायच्या नोकरीत असलेला माणूस. सगळं शिक्षण उर्दूत, घरात मराठी, आणि अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. मी लिहिलेला अर्ज त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचला आणि हसले.

"मास्तर, ही काय दरख्वास्त झाली? 'बोलण्यास थोडा विलंब आहे.' थोडा विलंब आहे तर थांबा म्हणतील साहेब. दरख्वास्तीत रडावं लागतं. साहेबाचं दिल पिघळलं पाहिजे."

हे आता सांगायला हवं, कारण नव्या वाचकांना ते कळायचं नाही. जुन्या अमदानीत अर्जाची एक रीतच होती. दोन दिवसांची रजा पाहिजे असली तर आई मरणाच्या दारात आहे असं लिहायचं. विहिरीला पाणी कमी आहे हे सांगायचं तर गाव तडफडून मरतंय असं लिहायचं. वाचणाऱ्या हाकिमालाही ते ठाऊक असायचं. तो रुपयातले बारा आणे मनातल्या मनात वजा करायचा आणि चार आण्यांचं खरं समजून हुकूम द्यायचा. कुणी त्याला खोटं म्हणत नव्हतं. अदब म्हणायचे. आम्ही सगळे त्यातच वाढलो होतो.

वामनरावांनी कागद पुढं ओढला. "लिहा. सदर मुलगी जन्मतः मुकी असून..."

"पण डॉक्टर म्हणतात, मुकी नाही."

"डॉक्टर दवाखान्यात. मंजुरी पाहिजे का नको? मग लिहा. आणि ती चिठ्ठी जोडू नका. त्यानं अर्ज हलका होतो."

मी लिहिलं. माझं अक्षर वळणदार होतं, 'जन्मतः मुकी' हे दोन शब्द फार छान आले. डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. परतताना मनात आलं की काही चुकलं नाही ना. पण वामनरावांना इतकी वर्षं, आपल्याला दीड, असं म्हणून अर्ज पाठवून दिला.

पुढचे तीन महिने बरे गेले. मी अनशीला माझ्या शेजारी बसवायचो. तिला दोन-दोन शब्द जोडता यायला लागले. "पाटी दे," "दुरुजी आले." मला दुरुजी म्हणायची. पोरंही चिडवायची कमी झाली. पहिलीच्या पुस्तकाचे निम्मे धडे ती वाचायची, म्हणजे बोट ठेवून मनात वाचायची आणि मधला एखादा शब्द मोठ्यानं म्हणायची.

मग लखोटा आला. राज्य नवं होतं, वरच्या कचेरीत माणसं नवी होती, आणि ती बारा आणे वजा करणारी नव्हती. त्यांनी अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं मानलं. हुकुमाचा अर्थ असा की मुलगी जन्मतः मुकी असल्याचं आपणच कळवलेलं आहे, मुक्या मुलांना साध्या शाळेत शिकवण्याची तरतूद नाही, तरी तिचं नाव पटावरून कमी करावं आणि पालकांनी तिला खास शाळेत पाठवावं. खास शाळा म्हणजे शेकडो मैल दूर, मोठ्या शहरात.

मी तो कागद तीन वेळा वाचला. चूक शोधत होतो. चूक नव्हती. माझ्याच शब्दांना त्यांनी सरळ उत्तर दिलं होतं.

मी धावत वामनरावांकडं गेलो. त्यांनी कागद उलटसुलट करून वाचला. "हे लोक कागद असा वाचतात होय," एवढंच म्हणाले. म्हातारा एकदम थकलेला दिसला. त्याला दोष देऊन मला सुटता येत नाही. बोरू माझ्या हातात होता.

उपाय एकच होता. मी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून दुसरा अर्ज पाठवला, की मुलगी मुकी नाही, बोलायला उशीर आहे, नाव राहू द्यावं. त्यावर पंधरा दिवसांत उत्तर आलं. सरकारी कामात इतकी घाई मी परत कधी बघितली नाही. त्यात विचारलं होतं की आपल्या दोन अर्जांपैकी खरा कोणता? दुसरा खरा असेल तर पहिल्यात सरकारला खोटी माहिती का दिली, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा.

मी तेव्हा कायम झालो नव्हतो. तुळजापुरात आई होती, दोन धाकटे भाऊ माझ्या पगारावर शिकत होते. खुलाशात 'होय, मी खोटं लिहिलं' म्हटलं तर नोकरी जाईल असं सगळे म्हणाले. गेली असती का? आज मला नक्की सांगता येत नाही. कदाचित नुसती ताकीद मिळाली असती. पण तेव्हा मी रोज रात्री पगाराचा हिशेब मांडत बसायचो.

त्या आठ दिवसांतच पारूबाई आली. दिगंबरला हुकूम मी 'आपणच कळवलेलं आहे' ही ओळ गाळून वाचून दाखवला होता, तो घरी जाऊन काहीतरी बोलला असणार. तिनं पोरीला माझ्यासमोर उभं केलं. ओसरीत चारी इयत्ता बसलेल्या.

"सरकारनं मुकी लिवली म्हनं. कुनी सांगितलं सरकारला?" मग पोरीकडं वळली. "बोल गं. नाव सांग गुरुजींला."

अनशीनं माझ्याकडं बघितलं. तिला घाम फुटला होता. ओठ दोनदा हलले, काही आलं नाही. मग एकदम मान ताठ करून ती म्हणाली, "अनुसया." सगळं. शेपूट न गळता. शाळेत तिनं स्वतःचं पूर्ण नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पारूबाई म्हणाली, "ऐकलंसा? आता लिवा तसं. बोलती म्हून लिवा."

मी म्हणालो, "लिहितो."

पारूबाईनं मान हलवली आणि पोरीला तिथंच बसवून गेली. मला वाटतं त्या बाईनं आयुष्यात माझ्यावर टाकला तेवढा विश्वास दुसऱ्या परक्या माणसावर टाकला नसेल.

आठव्या दिवशी मी खुलासा पाठवला. त्यात लिहिलं की पहिला अर्ज बरोबर होता, दुसरा पालकांच्या आग्रहावरून भावनेच्या भरात केला गेला, तरी क्षमा असावी. मग पट काढला आणि अनुसया दिगंबर या नावावर लाल शाईनं रेघ मारली. शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. ते लिहिलं. हेही अक्षर छान आलं.

मी दिगंबरला सांगितलं, "वरचे ऐकत नाहीत." नाव नसलं तरी पोरीला शाळेत बसू दे, म्हणूनही सांगितलं. तो म्हणाला, "न्हाय गुरुजी. सरकारच मुकी म्हनतंय तर पोरीला कशाला दमवावं?" खास शाळेचा विषय मी काढला तर तो नुसता हसला. सात-आठ वर्षांची पोर एकटी परमुलखात कोण धाडतं? दुसऱ्या दिवसापासून अनशी शेळ्यांमागं गेली. शाळेवरून जाताना ओसरीच्या कडेला थांबायची आणि फळ्याकडं बघायची. मी तिकडं पाठ करून शिकवायला लागलो. सहा महिन्यांनी मीच बदली मागून घेतली. त्याच वर्षी कायमही झालो.

पुढं मला चांगला मास्तर म्हणून नाव मिळालं. अडखळणारी, उशिरा बोलणारी, बोबडी पोरं मी हौसेनं घेत असे, पाटीवर लिहून घेत असे, आणि त्यातली कैक मार्गाला लागली. लोक म्हणायचे, गुरुजींना अशा पोरांचा फार कळवळा. मला कळवळा होता खरा, पण तो कुणाचा होता ते मी कुणाला सांगितलं नाही.

दहाएक वर्षांनी जळकोटच्या फाट्यावर मी एस.टी.ची वाट बघत उभा होतो. एक म्हातारा, बरोबर एक तरुण बाई, काखेत मूल. ती बाई म्हाताऱ्याला काहीतरी तावातावानं सांगत होती, एका श्वासात, कुणाचा तरी खडसावून हिशेब घ्यावा तशी. म्हाताऱ्यानं मला बघितलं आणि हात जोडले.

"आवं गुरुजी! वळखलं न्हाय व्हय? म्या दिगंबर. ही अनशी."

ती लाजली आणि पाया पडली. दिगंबर सांगत राहिला. पारूबाई मागच्या साली गेली. अनशी दहाव्या-अकराव्या वर्षी घडघडा बोलायला लागली. "आता तर कुनाचं ऐकत न्हाय," म्हणाला. पण लग्नाच्या वेळी गावोगाव हीच बोलवा होती, की पोरगी मुकी, सरकारी कागद हाय. बघायला आलेले तिचं बोलणं ऐकूनही परत जायचे, आत काही खोट असेल म्हणून. शेवटी एका बिजवराला दिली, तिच्या दुप्पट वयाच्या.

"बरा हाय मानूस," अनशी मधेच म्हणाली. "मारत न्हाय."

तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. अनशी पुढं झाली, पाटीकडं बघितलं आणि मागं वळली. "गुरुजी, ही उमरग्याची का नळदुर्गाची? वाचा की तेवढं."

"उमरगा," मी म्हणालो.

"मला येत व्हती न्हव अक्षरं?" ती हसून म्हणाली. "समदी गेली बगा. हात लावला न्हाय परत, ऱ्हात्यात व्हय?"

ती गाडीत चढली. दिगंबर पायरीवर थांबला, माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमी लई केलं गुरुजी आमच्या पोरीसाठी. गाडीत घालून डॉक्टरकडं नेलं, अर्जावर अर्ज केले. आमची बाई मरेस्तोवर तुमचं नाव काढायची. सरकारनंच ऐकलं न्हाय, त्याला तुमी काय करनार?"

सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हणालो, "हो, सरकारनंच ऐकलं नाही." खिडकीतून अनशी काहीतरी ओरडून सांगत होती, घरी या, असं असावं. गाडी गेली.

दिगंबरही आता नाही. खरं काय झालं ते मी इथं पहिल्यांदाच लिहून ठेवतो आहे. एक प्रत अनशीच्या गावी पाठवली असती, पण तिला ती वाचता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणी तिला वाचून दाखवावी एवढं धैर्य माझ्यात अजून नाही.